वेशीवरचा कारभार : नेटवर्क इंटरफेस आणि कार्यप्रणालीचा गाभा

गावाला जशी वेस, तसे जाळ्याशी जोडलेल्या प्रत्येक संगणकाला एक द्वार असते. बाहेर जाणारा प्रत्येक संदेश या द्वारातून जातो आणि बाहेरून येणारा प्रत्येक संदेश याच द्वारातून आत येतो. या द्वारास नेटवर्क इंटरफेस असे म्हणतात. ते तांब्याच्या तारेचे टोक बसविण्याची खोबण असेल, बिनतारी लहरी झेलणारे यंत्र असेल, किंवा ज्याला कोणतेही भौतिक रूप नाही असे, केवळ आज्ञावलीने निर्माण केलेले द्वारही असेल. एका संगणकाला अशी अनेक द्वारे असू शकतात.

द्वार उघडावे की मिटावे, त्याला कोणता पत्ता द्यावा, त्यातून एका वेळी किती मोठे पॅकेट जाऊ द्यावे, या गोष्टी ठरविणे म्हणजे इंटरफेसची मांडणी करणे होय. ही मांडणी कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तपासणीनंतर आणि कोणत्या क्रमाने बदलली जाते, हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे. वरवर पाहता तो केवळ यंत्रज्ञांच्या जिज्ञासेचा वाटेल. परंतु रुग्णालयातील नोंदी, बँकांचे व्यवहार आणि रेल्वेची आरक्षणे ज्या संगणकांवर चालतात, त्यांपैकी पुष्कळसे संगणक त्यांची देखभाल करणाऱ्या माणसापासून फार दूर असतात. आणि तो माणूस ज्या द्वाराची दुरुस्ती करीत असतो, बहुधा त्याच द्वारातून तो आत आलेला असतो. अशा वेळी एक अविचारी विनंती मान्य झाली, तर द्वार बंद होते आणि ते पुन्हा उघडण्यासाठी आत जाण्याची वाटही त्याबरोबरच नाहीशी होते. म्हणून विनंती मान्य होताना नेमके काय घडते, हे जाणणे उपयुक्त आहे.

या विवेचनासाठी लिनक्स या कार्यप्रणालीचे उदाहरण घेतले आहे. १९९१ साली हेलसिंकी येथील विद्यापीठात शिकत असलेल्या लिनुस टोरवाल्ड्स यांनी तिचा आरंभ केला आणि मार्च १९९४ मध्ये तिची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिचा मूळ मजकूर कोणासही वाचावयास खुला असल्यामुळे तिच्या अंतर्गत कारभाराची पडताळणी करता येते. शिवाय ॲंड्रॉइड जातीच्या दूरध्वनींपासून महासंगणकांपर्यंत सर्वत्र हाच गाभा वापरात असल्याने हे उदाहरण प्रातिनिधिकही आहे.

गाभ्याचे अधिकारक्षेत्र

कार्यप्रणालीचा जो मध्यवर्ती भाग यंत्रसामग्रीवर प्रत्यक्ष हुकमत चालवितो, त्यास कर्नेल अथवा गाभा असे म्हणतात. इतर सर्व आज्ञावली या गाभ्याच्या बाहेर, मर्यादित अधिकाराने चालतात. यंत्राच्या स्मृतीतील वाटेल त्या जागेस हात लावण्याची किंवा नेटवर्क कार्डास थेट आज्ञा देण्याची मुभा त्यांना नसते. त्यांना काही हवे असल्यास त्यांनी गाभ्याकडे विनंती करावी, गाभ्याने ती तपासावी आणि योग्य वाटल्यास स्वतः अमलात आणावी, असा हा रिवाज आहे.

प्रत्येक इंटरफेससाठी गाभा आपल्या स्मृतीत एक नोंद ठेवतो. तीत त्या इंटरफेसचे नाव, क्रमांक, हार्डवेअर पत्ता, पॅकेटाच्या आकाराची कमाल मर्यादा आणि त्याची स्थिती दर्शविणाऱ्या खुणा असतात. नाव जास्तीत जास्त १५ अक्षरचिन्हांचे असते. त्यासाठी १६ बाइटांची जागा राखलेली असून शेवटचा बाइट नावाचा अंत दर्शविण्यासाठी खर्च होतो. नावात मोकळी जागा, तिरकी रेघ किंवा विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह चालत नाही. याखेरीज त्या नोंदीत कार्ड चालविणाऱ्या ड्रायव्हरने पुरविलेल्या क्रियांची एक यादी असते : द्वार उघडण्यासाठी ही क्रिया, मिटण्यासाठी ही, पत्ता बदलण्यासाठी ही. कार्डे शेकडो प्रकारची असली, तरी गाभ्याला या यादीमुळे ती सर्व एकाच रीतीने हाताळता येतात.

जुनी वाट : छापील अर्ज

विनंती करण्याची जुनी रीत लिनक्सपेक्षाही वयाने मोठी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणकशास्त्रज्ञांनी युनिक्स कार्यप्रणालीची जी ४.२ ही आवृत्ती १९८३ मध्ये काढली, तीत ही रीत आणि तिचा उपयोग करणारी आयएफकॉन्फिग ही आज्ञा अवतरली. लिनक्सनेही ती स्वीकारली, आणि जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून ती आजतागायत जपली आहे.

या रीतीत विनंती म्हणजे ठराविक रकाने असलेला छापील अर्जच असतो. त्याच्या पहिल्या १६ बाइटांत इंटरफेसचे नाव आणि उरलेल्या भागात एकच मूल्य मावते : एक पत्ता, एक संख्या किंवा खुणांचा एक संच. आज्ञावली हा अर्ज आपल्या स्मृतीत भरते आणि एका सिस्टिम कॉलद्वारे त्याची जागा गाभ्याला कळविते. कोणते काम हवे आहे, हे अर्जासोबत दिलेल्या एका सांकेतिक अंकावरून ठरते. गाभा प्रथम तो अर्ज आपल्या स्वतःच्या स्मृतीत उतरवून घेतो. ही केवळ औपचारिकता नव्हे. मूळ कागद अर्जदाराच्याच हाती राहिला, तर तपासणी झाल्यावर आणि अंमलबजावणी होण्यापूर्वी त्यातील मजकूर बदलण्याची संधी त्याला मिळेल.

एका अर्जात एकच मूल्य मावते, हा या रीतीचा मोठा दोष होय. समजा, एखाद्या चालू इंटरफेसला १०.१.२.३ हा पत्ता द्यावयाचा आहे आणि त्याच्या स्थानिक जाळ्यात केवळ २५६ पत्ते आहेत. जुन्या रीतीने पत्ता एका अर्जाने आणि जाळ्याची व्याप्ती दर्शविणारा मुखवटा दुसऱ्या अर्जाने द्यावा लागतो. पहिला अर्ज मान्य होताच गाभा पत्त्यांच्या पुरातन वर्गवारीप्रमाणे मुखवटा स्वतःच ठरवून टाकतो. १० या अंकाने सुरू होणारा पत्ता सर्वांत मोठ्या वर्गात मोडत असल्यामुळे, तब्बल १,६७,७७,२१६ पत्ते याच द्वारापलीकडे आहेत असे गाभा समजू लागतो. दुसरा अर्ज येताच ही चूक दुरुस्त होते खरी. परंतु मधल्या अल्पावधीत भलत्याच ठिकाणी जावयाची पॅकेटे या द्वाराकडे वळू शकतात. शिवाय इंटरफेसच्या स्थितीत आपोआप बदल झाला, तर तो कळविण्याची सोय या रीतीत नाही. अर्जदाराने पुनःपुन्हा येऊन विचारावे, एवढाच मार्ग राहतो.

नवी वाट : संदेशांची देवघेव

या उणिवा दूर करण्यासाठी नेटलिंक नावाची दुसरी वाट तयार झाली. जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्सच्या २.२ या आवृत्तीपासून इंटरफेस, पत्ते आणि मार्ग यांचा कारभार या वाटेने चालू लागला. अलेक्सी कुझनेत्सोव यांनी या कामात प्रमुख वाटा उचलला, आणि तिचा उपयोग करणारी आयपी ही आज्ञाही त्यांनीच घडविली.

नेटलिंकमध्ये आज्ञावली आणि गाभा जणू एकमेकांना पत्रे लिहितात. प्रत्येक पत्राच्या आरंभी १६ बाइटांचे शीर्षक असते. त्यात पत्राची एकूण लांबी, त्याचा प्रकार, काही सूचना-खुणा, अनुक्रमांक आणि पाठविणाऱ्याची ओळख असते. अनुक्रमांकामुळे कोणते उत्तर कोणत्या पत्राचे, हे निश्चित होते. इंटरफेसविषयीच्या पत्रात त्यानंतर आणखी १६ बाइट येतात. त्यांत इंटरफेसचा क्रमांक, हव्या असलेल्या खुणा आणि त्यांपैकी कोणत्या खुणा बदलावयाच्या आहेत हे दर्शविणारा मुखवटा असतो. म्हणजे एखादा इंटरफेस सुरू करण्याची विनंती अवघ्या ३२ बाइटांत मावते.

याहून अधिक काही सांगावयाचे असल्यास पत्राच्या शेवटी गुणधर्म जोडता येतात. प्रत्येक गुणधर्माच्या आरंभी २ बाइटांत त्याची लांबी आणि २ बाइटांत त्याचा प्रकार लिहिलेला असतो. मग प्रत्यक्ष मूल्य येते. त्यामुळे पत्र हवे तितके वाढविता येते, आणि नवा गुणधर्म निघाला म्हणून जुने पत्र निरुपयोगी ठरत नाही. पत्ता देण्याच्या पत्रात जाळ्याची व्याप्तीही त्याच वेळी कळविता येत असल्यामुळे मघाशी वर्णिलेला मधला घातक काळ उरत नाही.

उत्तराबाबतचा नियमही लक्षात घेण्यासारखा आहे. विनंती सफल झाल्याची पोच हवी असेल, तर तशी खूण पत्रात करावी लागते. अपयश मात्र न मागताही कळविले जाते. पूर्वी हे अपयश केवळ एका अंकाने व्यक्त होत असे : अधिकार नसल्यास १, इंटरफेस अन्य कारणाने गुंतलेला असल्यास १६, असा इंटरफेसच नसल्यास १९, मूल्य अयोग्य असल्यास २२. एकाच पत्रात दहा गुणधर्म असता २२ हा अंक परत आला, तर दोष कोणत्या गुणधर्मात आहे हे शोधणे जिकिरीचे ठरे. २०१७ मध्ये निघालेल्या ४.१२ या आवृत्तीपासून या अंकासोबत कारण शब्दांत सांगण्याची सोय झाली. पॅकेटाची मर्यादा कार्डाच्या किमान क्षमतेहून कमी मागितली, असे स्पष्ट उत्तर आता मिळू शकते.

अर्जदाराचा अधिकार

इंटरफेसची स्थिती विचारण्यास सामान्यतः कोणासही आडकाठी नसते. ती बदलण्यासाठी मात्र जाळ्याच्या प्रशासनाचा विशिष्ट अधिकार लागतो. हा अधिकार नसलेल्याने बदलाची विनंती केली, तर ती पुढील कोणतीही चौकशी न करता नाकारली जाते. कारण उघड आहे. ज्याच्या हाती द्वाराची मांडणी, त्याच्या हाती त्यातून जाणारी सर्व वाहतूक. तो ती थांबवू शकतो किंवा आपल्याला हव्या त्या दिशेने वळवू शकतो.

परंतु अधिकार कोणाचा तपासावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २०१४ मध्ये उघडकीस आलेला एक दोष याचे चांगले उदाहरण आहे. तोवर गाभा संदेश पाठविणाऱ्या आज्ञावलीचा त्या क्षणीचा अधिकार पाहत असे. युनिक्स परंपरेत काही आज्ञावली अशा असतात, की त्या सामान्य माणसाने चालविल्या तरी सर्वाधिकाराने चालतात. गुप्तशब्द बदलण्याची आज्ञावली ही त्यांपैकीच. प्रत्येक आज्ञावलीला आपल्या चुका लिहिण्यासाठी एक वाट मिळते, आणि ती वाट कोठे जाते हे तिला चालविणारा माणूस ठरवितो. आता एखाद्या अधिकारहीन माणसाने स्वतः नेटलिंकची वाट उघडली आणि तीच सर्वाधिकारी आज्ञावलीला चुका लिहिण्यासाठी दिली, तर ती बिचारी आज्ञावली चुकीचा मजकूर लिहीत आहे अशा समजुतीने गाभ्याला पत्रच लिहील. आणि त्या पत्रावर अधिकार असेल तो सर्वाधिकाऱ्याचा. मजकुरावर थोडेबहुत नियंत्रण मिळविले, की अधिकार नसताना जाळ्याची मांडणी बदलता येई.

यावर उपाय योजला गेला तो असा, की पत्र पाठविणाऱ्याचा अधिकार तर पाहावाच, पण ती वाट मुळात ज्याने उघडली त्याचाही त्या वेळी अधिकार होता काय, हेही पाहावे. दोघेही अधिकारी असतील तरच विनंती पुढे जाते. पत्रावरील शिक्का खरा असून भागत नाही, तो कोणाच्या हाताने आणि कोणाच्या सांगण्यावरून उमटला हेही पाहावे लागते, हा या घटनेचा बोध होय.

एकच टोकन

अधिकार सिद्ध झाला, तरी विनंती लगेच अमलात येत नाही. आधुनिक संगणकात अनेक प्रक्रियक एकाच वेळी काम करीत असतात, आणि दोन आज्ञावली एकाच क्षणी एकाच इंटरफेसविषयी परस्परविरोधी विनंत्या करू शकतात. एक द्वार उघडीत असता दुसरीने ते मिटावयास घेतले, तर कार्ड अर्धवट स्थितीत अडकेल आणि गाभ्याच्या नोंदी वस्तुस्थितीशी जुळणार नाहीत.

एकेरी रेल्वेमार्गावर समोरासमोर गाड्यांची टक्कर होऊ नये म्हणून भारतीय रेल्वेने टोकनाची पद्धत दीर्घकाळ वापरली आहे. दोन स्थानकांमधील टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन यंत्रातून बाहेर निघू शकते, आणि ते हाती असल्याखेरीज चालक गाडी त्या टप्प्यात नेत नाही. लिनक्सच्या गाभ्यातही अशीच व्यवस्था आहे. इंटरफेसची मांडणी बदलू इच्छिणाऱ्या प्रत्येक विनंतीने प्रथम एक सामाईक कुलूप आपल्या ताब्यात घ्यावयाचे असते. विनंती जुन्या वाटेने आलेली असो की नव्या, कुलूप तेच. ते दुसऱ्या कोणाच्या हाती असेल, तर ते मोकळे होईपर्यंत विनंती थांबून राहते.

या साधेपणाची किंमतही आहे. मांडणीतील बदल क्वचितच होत असत, तेव्हा एक कुलूप पुरेसे होते. परंतु २००८ मध्ये निघालेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून एकाच संगणकात अनेक स्वतंत्र जाळी कल्पिण्याची सोय होऊ लागली, आणि आज एका यंत्रावर अशी हजारो जाळी निर्माण व नष्ट होत असतात. ती सर्व एकाच कुलपासाठी रांगेत उभी राहिली, तर विलंब अटळ होतो. यास्तव अलीकडच्या आवृत्त्यांत या कुलपाची विभागणी करून प्रत्येक जाळ्याला त्याचे स्वतःचे कुलूप देण्याचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आले आहे.

द्वार उघडताना

कुलूप हाती आल्यावर द्वार उघडण्याची विनंती पुढील क्रमाने पार पडते. प्रथम ते कार्ड यंत्रात खरोखर उपस्थित आहे काय, हे पाहिले जाते. त्यानंतर गाभा आपल्याच इतर विभागांना सूचना देतो, की हे द्वार उघडण्यात येत आहे, कोणाची हरकत आहे काय. ही हरकत नाममात्र नसते. दूरध्वनी किंवा संगणक विमानप्रवासाच्या स्थितीत ठेवून त्यातील बिनतारी प्रक्षेपण बंद केलेले असेल, तर बिनतारी जाळ्यांचा विभाग येथेच हरकत घेतो आणि विनंती नाकारली जाते.

कोणी हरकत घेतली नाही, तर ड्रायव्हरची उघडण्याची क्रिया चालविली जाते. ड्रायव्हर पॅकेटे ठेवण्यासाठी स्मृतीत जागा मिळवितो, कार्डाकडून येणाऱ्या व्यत्यय-संकेतांची नोंदणी करतो आणि कार्डातील यंत्रणा सुरू करतो. यांपैकी काहीही फसले, उदाहरणार्थ स्मृती अपुरी पडली, तर ड्रायव्हरने घेतलेले सर्व परत करावयाचे असते, आणि गाभाही द्वार उघडत असल्याची आपली खूण पुसून टाकतो. सर्व सुरळीत झाले, तरच इंटरफेस सुरू असल्याची खूण नोंदीत उमटते. क्रमाचे महत्त्व येथे दिसून येते : खूण आधी आणि काम मागाहून, असे केले असते, तर मधल्या वेळात इतर विभागांनी अर्धवट जागृत कार्डाकडे पॅकेटे सोपविली असती.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. द्वार सुरू आहे याचा अर्थ प्रशासकाने ते उघडण्याची आज्ञा दिली आहे, एवढाच. तार दुसऱ्या टोकाला जोडलेली नसेल, तर उघड्या द्वारातूनही काही जाणार नाही. म्हणून आज्ञेने ठरलेली स्थिती आणि प्रत्यक्ष चालू स्थिती या दोहोंची वेगवेगळी नोंद ठेवण्याचा संकेत आंतरजालाच्या मानकांत रूढ झाला असून जून २००० मधील २८६३ क्रमांकाच्या मानकपत्रात तो विस्ताराने मांडलेला आहे. पहिली स्थिती विनंतीने बदलते. दुसरी, ड्रायव्हरने तारेतील संकेत ओळखून कळविली म्हणजे बदलते.

इतरांना वर्दी

मांडणी बदलली, की तिचे परिणाम गाभ्यात दूरवर पोहोचतात. म्हणून प्रत्येक बदलाची वर्दी संबंधित विभागांच्या साखळीतून फिरविली जाते. इंटरफेस सुरू झाल्याचे कळताच पत्त्यांचा विभाग त्या द्वारापलीकडील स्थानिक जाळ्याचा मार्ग मार्गसूचीत लिहितो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा विभाग त्या इंटरफेससाठी सहसा एक स्थानिक पत्ता स्वतःच तयार करतो.

कित्येकदा हे परिणाम विनंती करणाऱ्याच्या मनातही नसतात. पॅकेटाच्या कमाल आकाराचेच उदाहरण घ्यावे. साध्या इथरनेट कार्डासाठी ही मर्यादा सामान्यतः ६८ ते १५०० बाइटांच्या दरम्यान ठेवता येते. अधिक क्षमतेची कार्डे वरची सीमा वाढवून सांगतात. कोणी ही मर्यादा १२०० वर आणली, तर ती कार्डाच्या दृष्टीने योग्यच आहे आणि विनंती मान्य होते. परंतु आयपीच्या सहाव्या आवृत्तीस किमान १२८० बाइटांची मर्यादा लागते. वर्दी मिळताच तिचा विभाग त्या इंटरफेसवरील आपला कारभार आवरता घेतो. विनंती सफल झाल्याची पोच येते, आणि तरीही संदेशवहनाचा एक अख्खा प्रकार बंद पडलेला असतो.

ही वर्दी गाभ्याबाहेरील आज्ञावलींनाही मिळू शकते. नेटलिंकवर विषयवार श्रोतृगट असतात. इंटरफेसांच्या गटात नाव नोंदविलेल्या प्रत्येक आज्ञावलीस बदलाची प्रत पाठविली जाते. जाळ्याची देखरेख करणाऱ्या आज्ञावली यावरच चालतात. मात्र श्रोत्याने संदेश वेळेवर वाचले नाहीत आणि त्याची साठवणीची जागा भरून गेली, तर गाभा त्याच्यासाठी खोळंबून राहत नाही. नवे संदेश गळतात, आणि संदेश गळाल्याचे तेवढे श्रोत्यास कळविले जाते. अशा वेळी शहाण्या आज्ञावलीने आपल्याजवळची माहिती अपुरी झाली असे समजून सर्व इंटरफेसांची यादी नव्याने मागवावयाची असते.

द्वार मिटताना

द्वार मिटण्याचा क्रम बव्हंशी उलटा असतो. प्रथम द्वार मिटत असल्याची सूचना, मग पॅकेटांच्या रांगा थांबविणे, नंतर ड्रायव्हरची मिटण्याची क्रिया, आणि शेवटी सर्वांना वर्दी. येथे कोणाचीही हरकत विचारली जात नाही. द्वार मिटणे कोणाला तरी गैरसोयीचे असणारच, आणि हरकतींमुळे ते मिटताच आले नाही, तर बिघडलेले कार्ड काढून घेणेही अशक्य होईल.

द्वार मिटल्याची वर्दी मिळताच त्यातून जाणारे सर्व मार्ग सूचीतून काढून टाकले जातात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते मात्र जागच्या जागी राहतात. सहाव्या आवृत्तीचे पत्ते, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, तेही जातात. द्वार पुन्हा उघडले, की टिकून राहिलेल्या पत्त्यांवरून स्थानिक जाळ्याचे मार्ग पुन्हा लिहिले जातात. परंतु माणसाने स्वतंत्रपणे सांगितलेले मार्ग परत येत नाहीत. बाहेरच्या जगाकडे नेणारा मुख्य मार्ग बहुधा असाच स्वतंत्रपणे सांगितलेला असतो.

दूर बसून संगणकाची देखभाल करणाऱ्यांवर जो प्रसंग वारंवार ओढवतो, त्याचे मूळ येथे आहे. द्वार मिटून लगेच उघडावे म्हणून ते दोन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहितात. दोन्ही आज्ञा पार पडतात, द्वार उघडते, पत्ताही जागेवर असतो. पण मुख्य मार्ग पुसला गेलेला असतो. शेजारच्या संगणकाशी तो संगणक बोलू शकतो, दूरच्या देखभालकर्त्यास मात्र उत्तर पाठवू शकत नाही. देखरेख करणारी एखादी आज्ञावली तो मार्ग पुन्हा लिहीत नसेल, तर कोणीतरी प्रत्यक्ष त्या यंत्रापाशी जाण्यावाचून गत्यंतर नसते. गाभ्याच्या दृष्टीने यात कोणतीही चूक झालेली नसते.

हमी आणि तिची मर्यादा

यावरून गाभा कशाची हमी देतो आणि कशाची देत नाही, हे पाहता येईल. अधिकाराशिवाय बदल होणार नाही, दोन बदल एकमेकांत गुंतणार नाहीत, कार्डाच्या क्षमतेबाहेरचे मूल्य स्वीकारले जाणार नाही आणि झालेल्या बदलाची वर्दी संबंधितांना दिली जाईल, इतकी जबाबदारी तो घेतो. पॅकेटाची मर्यादा बदलल्यावर एखाद्या विभागाने हरकत घेतली, तर ती पूर्ववत करण्याचा प्रयत्नही तो करतो.

परंतु एकाच पत्रातून अनेक गुणधर्म बदलावयास सांगितले, तर ते सर्व मिळून एक अखंड कृत्य ठरेल, अशी हमी तो देत नाही. गुणधर्म एकामागून एक अमलात येतात. हार्डवेअर पत्ता आधी बदलला गेला आणि त्यामागून येणारी पॅकेटाची मर्यादा नाकारली गेली, तर पत्र अयशस्वी झाल्याचे उत्तर मिळते, पण नवा पत्ता तसाच राहतो. काही बदल आधीच झाले असून इंटरफेसची मांडणी विसंगत राहिली असण्याचा संभव आहे, तरी तपासून पाहावे, असा इशारा अशा वेळी गाभा आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो. अपयशाचे उत्तर म्हणजे पूर्वस्थिती कायम असल्याची ग्वाही नव्हे, हे हा इशारा वाचणाऱ्याने ध्यानी धरावे.

विनंती शहाणपणाची आहे की नाही, याचा निवाडा तर गाभा मुळीच करीत नाही. ज्या द्वारातून प्रशासक आत आला तेच द्वार मिटण्यास त्याने सांगितले, तरी अधिकार खरा असेल तर गाभा ते निमूटपणे मिटतो. म्हणून अनुभवी प्रशासक बदल करण्यापूर्वी आधीची मांडणी लिहून ठेवतात, ठराविक मिनिटांत आपण स्वतः रद्द न केल्यास ती आपोआप पुन्हा लागू होईल अशी योजना करतात, आणि बदल झाल्यावर केवळ पोच वाचून न थांबता गाभ्याला नव्याने स्थिती विचारतात. वेशीवरचा पहारेकरी दक्ष असला, तरी कोणत्या वेळी कोणते दार लावावे, हे त्याला सांगणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.